मधला पट्टा

२ मार्च १९५७, शनिवार

आज डोंगरावर आलो. चारठाण्यापासून नाकेदार दिनकरराव संगं होते. जंगलखात्याचा माणूस, अंगात खाकी, बुटाचा आवाज डोंगरभर. सगळ्या चढणीत माझ्याशी बोलले ते एवढंच, "पाय उचल गंगथडीच्या." आमच्या गंगाखेडाकडं टेकाड म्हणून नाही. गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, गाळ आणि काळी रानं. मला चढायची सवय कुठली असणार.

वर गवताची एक खोप आहे. बाजूच्या धावड्याच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलाय. काम असं की मृग लागेपर्यंत इथंच राहायचं, चारी अंगाला बघायचं आणि कुठं धूर दिसला की रूळ बडवायचा. मावळतीकडं सगळं सरकारी जंगल. उगवतीकडं खाली दोन गावं, उजव्या हाताला चिंचदरा आणि डाव्या हाताला तांबडवाडी. दोन्ही गावांतली घरं गवतानं शाकारलेली, आणि दोन्हीकडची ढोरं उन्हाळाभर ह्याच डोंगराच्या गवतावर जगतात.

"आग वरून खाली येती का?" मी विचारलं.

"वाऱ्यावर बसून येती," नाकेदार म्हणाले. "उन्हाळ्यात वारं मावळतीचं. मागल्याच्या मागल्या साली आली तवा चिंचदऱ्याच्या सगळ्या गंजी एका दुपारी गेल्या. तांबडवाडीचा गोठा गेला. बैल दाव्याला होते तसेच जळाले."

मग ते उतरून गेले. बुटाचा आवाज लय वेळ ऐकायला येत होता. तोही बरा वाटायला लागला.

बोलायला कोणी नाही म्हणून हे लिहायलोय. चौथीपर्यंत शिकलो. मास्तर शिकवायचा उर्दूत आणि मारायचा मराठीत, त्यामुळं मराठी पक्की झाली. नंतर परभणीला जिनिंगात होतो, मग पूर्णेला हॉटेलात कपबशा धुतल्या. कुठंच वर्ष काढलं नाही. बाप म्हणतो, मुंजाजीच्या बुडाला कुसळं लागलेत. इथं तर खरोखरच लागलेत, सगळ्या धोतरभर.

५ मार्च

सकाळी तीन दगड मांडून पीठ मळलं आणि जाळ केला. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक बाई वर आली. पन्नाशीची असंल, कासोटा घट्ट, हातात काठी. नाव-गाव काही न विचारता तिनं पायानं माती लोटून माझी चूल विझवली.

"हितं चूल न्हाई पेटवायची."

"मग खाऊ काय? शेळ्यांचा पाला?"

"दात तर तसलेच हायेत तुझे. खाशील." तिनं काठी टेकवली. "आमच्या गावात होळीपासून मृगापस्तोर ऊन चढलं की एक चूल पेटत न्हाई. पहाटे सैपाक, दिवसभर शिळं. आन् ह्यो आला डोंगराच्या टाळूवर जाळ करून बसाया."

खोपीत शिरून तिनं माझी काडीपेटी घेतली आणि पदराच्या गाठीला बांधली. मी बघत राहिलो. तिचं नाव तानुबाई, चिंचदऱ्याची.

ऊन कललं तेव्हा तीच परत आली. भाकरी आणि कोरड्यास खोपीपुढच्या सपाट दगडावर ठेवून म्हणाली, "आजपासून घरटी पाळी लावलीय तुझी. माझ्यापासून सुरू. जो कोनी शेळ्या घेऊन वर येईल त्यो आनून ठिवंल."

मला हे आवडलं नाही. म्हणजे माझ्यावर भरोसा नाही. परक्याच्या हातात काडीपेटीसुद्धा ठेवत नाहीत ही माणसं.

११ मार्च

आता मी घरं भाकरीवरून ओळखायलोय. एका घरची जाड आणि करपलेली. एका घरची भाकर बरी, पण मीठ विसरतात. आणि एका घरची अशी, की पातळ, गोल, काठाला एक चीर नाही, आणि संगं कांदा आधीच बुक्कीनं फोडून मीठ लावलेला. ही करणारी तरणी असणार. हात नाजूक असणार. कांदा फोडून देण्याचं दुसऱ्या कोणाला सुचत नाही.

आज चिंचदऱ्याची माणसं जाळपट्टा करायला वर आली. घरटी एक माणूस. ज्या घरचा येणार नाही त्या घराला पुढच्या साली डोंगरावरचं गवत नाही, अशी रीत आहे. जाळपट्टा म्हणजे डोंगराच्या धारेवरून गवत कापून, राहिलेले खुंट जाळून केलेली उघडी पट्टी, दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढी रुंद. मावळतीकडून आग आली तर इथं तिला खायला काही मिळू नये. विळेवाले पुढं, जाळ लावणारे मागं, आणि दोन्ही कडांना ओली गोणपाटं आणि हिरव्या फांद्या घेतलेली माणसं. सगळं पहाटेच्या गारव्यात. मीही विळा घेतला. चार माणसांत हात कसा चालतो ते विसरलो होतो.

पुढं एक उभा दगड आला. तिथं सगळे एकदम थांबले आणि विळे पुसायला लागले. मी कापत तसाच पुढं निघालो तर आप्पारावांनी, म्हणजे गावच्या पाटलांनी, माझा दंड धरला.

"दगडाच्या फुडं न्हाई."

"फुडं तर छातीएवढं गवत हाय, मामा."

"ते आमाला बी दिसतंय."

त्या गवताच्या पलीकडं, हाक ऐकू जाईल एवढ्यावर, दुसरा दगड होता. तिथवर तांबडवाडीचा पट्टा. तिथली माणसंही विळे पुसत उभी होती. दोन्हीकडचे एकमेकांकडं बघत राहिले. हाक कोणी मारली नाही.

आप्पारावांनी सांगितलं ते असं. चिंचदरा होतं जागिरीचं, तांबडवाडी होती निजाम सरकारची. जागीर मोडली तेव्हा ह्या मधल्या तुकड्याची शीव कोणालाच सांगता येईना. मुकदमा उभा राहिला. कोर्टानं मनाई केली, की निकाल लागेपर्यंत दोन्ही गावांनी तिथं विळा लावायचा नाही, कारण गवत कापलं की कब्जा ठरतो. मागची आग ह्याच जागेतून आत शिरली आणि दोन्ही पट्ट्यांच्या पाठीमागून दोन्ही गावांत उतरली. कुंपण पक्कं आणि फाटक सताड उघडं, तसं. त्यानंतरचं सगळं गवत तिथं उभ्यानं वाळलंय.

"मग दोघं मिळून कापा की," मी म्हणालो.

आप्पाराव हसले. "मिळून कापलं तर मुकदमा कशाचा ऱ्हायला?"

१६ मार्च, धुळवड

काल दोन्ही गावांच्या होळ्या वरून दिसल्या. लहान लहान, लगेच विझवलेल्या. बोंबा मात्र वरपर्यंत आल्या. मीही एक मारून बघितली. आपलाच आवाज लय विचित्र वाटला, परत मारली नाही.

आज पुरणाची पोळी आली. काठाला चीर नसलेल्या घरची. मी अंघोळ करून मग खाल्ली.

२० मार्च

नाकेदार आले होते. मी त्यांना मधल्या गवताचं विचारलं.

"ती जमीन जंगलखात्याची न्हाई. आपल्याला हुकूम न्हाई. आता मुंबईचं सरकार आलंय, मोजणी हुईल तवा हुईल."

"आन् आग त्याच्या आधी आली तर?"

ते वाकून बुटाचा बंद आवळायला लागले.

"मी कापलं तर?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटतं पहिल्यांदाच बघितलं. "हितं तुझं कोन हाय? सोयरा, जातीचा, ओळखीचा?"

"कोन न्हाई."

"दोन्ही गावांत?"

"दोन्ही गावांत."

"मग तुझ्या विळ्यानं कब्जा कोनाचा ठरनार?" त्यांनी बिडी काढली, काहीतरी आठवून परत खिशात घातली आणि उठले. "मी काई बोललो न्हाई. कळलं का? मी तुला रूळ बडवायला ठिवलंय."

माझं कोणी नाही ही गोष्ट आज पहिल्यांदा कामाची निघाली. ह्यानं खूश व्हावं का नाही ते कळंना. विळ्याला धार लावली.

२२ मार्च

पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तांबडवाडीचा वैजीनाथ आला. रुंद छातीचा, चाळिशीतला, मागं पाच-सात गडी. आपल्या दगडापाशी थांबला, एक पाऊल आत टाकलं नाही.

"ए बाबा, विळा खाली ठिव."

"मी चिंचदऱ्याचा न्हाई."

"मग भाकर कोनाची खातूस?"

मी विळा धोतराला पुसला.

"आमाला काय दिसत न्हाई व्हय? रोज पाळीनं येती. उद्या आप्पाराव कोर्टात म्हनंल, आमच्या भाकरीवरल्या गड्यानं कापलं, कब्जा आमचा."

"मग तुमची बी खातो. एक दिवस त्यांची, एक दिवस तुमची."

मागचे गडी हसले. वैजीनाथ हसला नाही. "मग तू दोनी गावचा हुशील. मनाई दोनी गावाला हाय."

"मग करू काय?"

"कोनाचीच खाऊ नगंस. कोनासंगं उठू-बसू नगंस. मग काप खुशाल. आमचा मानूस बघत बसंल."

"बसायला घोंगडं द्या त्याला. कुसळं लय हायेत."

ह्यावर मात्र तो जरा हसला.

२३ मार्च

तानुबाईला सांगितलं, भाकरी नको म्हणून.

"कामून रं? जाड हुत्यात व्हय?"

सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "वैजीनाथ म्हनला व्हय हे? त्याची माय माझी मावसबहीन. माझ्या मांडीवर हगलाय त्यो ल्हानपनी."

"मग मावशी, तुमीच सांगा की त्याला."

"चार सालं झाली, बोलनं न्हाई." ती थोडा वेळ शेळ्यांकडं बघत बसली. "शेळ्या आता खालच्या वाटंनं नेते मी. वर आले की तुझ्यासंगं बोलल्याबिगर ऱ्हावनार न्हाई, आन् ते बसलंय तिकडं टेहळत."

जाताना ती एकदा पदराच्या गाठीला हात लावून थांबली. काडीपेटी देती का काय असं वाटलं. दिली नाही.

२४ मार्च

आज एक म्हातारा वर आला. सटवाजी, चिंचदऱ्याचा. धापा टाकत आला आणि फडकं सोडलं.

"आज माझी पाळी व्हती. नगं म्हनून सांगावा आला, पर तवर थापून झालती."

पातळ, गोल, काठाला चीर नाही. कांदा फोडून मीठ लावलेला.

"ही कोन करतं मामा?"

"म्याच. बायकू जाऊन लय वर्सं झाली. पयल्या साली कुत्रं तोंड लावीना, मग हळूहळू जमलं. कांदा फोडाया तुझ्याकडं काय असंल नसंल म्हनून फोडूनच देतो."

मला हसू आलं आणि थांबंना. त्याला वाटलं मी भाकरीला हसायलोय. मी नाही म्हणालो, पण खरं कसं सांगणार.

भाकर घेतली नाही. तांबडवाडीचा माणूस पलीकडच्या दगडावर बसून बघत होता. सटवाजीमामानं ती परत फडक्यात बांधली. गाठ दोनदा सुटली.

१ एप्रिल, पाडवा

खाली दोन्ही गावांत गुढ्या लागल्यात. चिंचदऱ्याचे खण लाल, तांबडवाडीकडचे हिरवे दिसतात. मी फुटाणे आणि गूळ खाल्ला. चारठाण्याच्या बाजारातून लाह्यांचं पीठ आणलंय, ते ओढ्याच्या पाण्यात कालवतो.

कापण्यापेक्षा ओढणं अवघड आहे. कापलेलं गवत तिथंच ठेवलं तर आगीला आयतं. चिंचदऱ्याच्या अंगाला टाकलं तर तांबडवाडीचा उठून उभा राहतो, तांबडवाडीच्या अंगाला टाकलं तर चिंचदऱ्याचा. कारण आता चिंचदऱ्यानंही एक माणूस बसवलाय, तांबडवाडीचा माणूस माझ्याशी बोलतो का ते बघायला. म्हणून सगळं गवत पाठीवर घेऊन पार खालच्या घळीत नेऊन टाकतो. घळ कोणाचीच नाही.

दोन माणसं दिवसभर माझ्याकडं बघतात. दोघंही बोलत नाहीत, माझ्याशी नाही आणि एकमेकांशी नाही. नुसता डोंगर असता तर एवढं एकटं वाटलं नसतं.

हातांची सालं गेलीत.

९ एप्रिल

बाजारात पूर्णेचा एक ओळखीचा भेटला. माझ्या बहिणीचा नवरा तिथं लोकोमध्ये, म्हणजे रेल्वेच्या इंजिनखान्यात आहे. त्याचा निरोप, की इंजिनं पुसणाऱ्या खलाशाची जागा निघालीय, दोन दिवसांत आला तर चिकटवतो. रेल्वेची नोकरी. पोरं जन्मभर वाट बघतात तिची.

खोपीत येऊन गाठोडं बांधलं आणि उतरलो. त्या दोन बघणाऱ्यांना काही बोललो नाही.  सडकंला येऊन निंबाखाली बसलो. तिथून सगळी धार दिसत होती. दोन्हीकडून काळी रेघ, मधी मी कापलेला मातकट तुकडा, आणि राहिलेलं गवत वाऱ्यावर हलायलं.

मोटार आली. कंडक्टर म्हणाला, "जिंतूर, परभनी. चल, बस."

"माझा विळा वर ऱ्हायलाय," मी म्हणालो.

"तुझ्या विळ्यासाठी मोटार थांबवू व्हय?"

मोटार गेली. विळा काय, चारठाण्यात कोणीही दिला असता, आणि पूर्णेला खलाशाला विळा लागत नाही. तरी मी वर आलो. आलोच होतो म्हणून थोडं कापलं.

१९ एप्रिल

झालं. दगडापासून दगडापर्यंत. खुंट जाळायला पाहिजेत, पण जाळायला दोन्ही कडांना माणसं लागतात आणि मला माणसं चालत नाहीत. म्हणून खोऱ्यानं जमतील तेवढे खरवडून काढले. गावांच्या पट्ट्यांसारखा काळा स्वच्छ नाही झाला. मातीचा, दाढी वाढल्यासारखा.

दुपारी तांबडवाडीच्या बघणाऱ्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "खुंट ऱ्हायलेत."

"माहीत हाय," मी म्हणालो.

बाकी काही नाही. पण दिवस बरा गेला.

२४ एप्रिल

डावा हात भाजलाय. उजव्यानं लिहायलोय, म्हणून अक्षर बरं आहे. काल आग आली.

दुपार कलताना मावळतीच्या पळसांमागून धूर निघाला. कोणी लावली, कशी लागली, माहीत नाही. वारं सरळ तोंडावर. मी रूळ बडवायला लागलो. दोन्ही गावांतून माणसं आपापल्या वाटेनं वर धावली, गोणपाटं, फांद्या, घागरी घेऊन. बाया होत्या, म्हातारे होते. चिंचदऱ्याची आपल्या पट्ट्यावर पसरली, तांबडवाडीची आपल्या. माझ्या तुकड्यावर कोणी नाही. मी एकटा.

आग जंगलातून बाहेर पडून गवतात आली तशी उंच झाली. गावांचे पट्टे टिकणार हे दिसत होतं. माझा टिकणार नाही हेही सगळ्यांना दिसत होतं. एकच उपाय होता, सामोरी आग. म्हणजे पट्ट्याच्या मावळतीच्या कडंला आपणच जाळ लावायचा, म्हणजे येणाऱ्या आगीच्या तोंडचं गवत आधीच जळून जातं आणि ती उपाशी मरते.

माझ्याकडं काडीपेटी नव्हती. ती तानुबाईच्या पदरात.

आप्पारावांनी दगडापासून हात लांब केला. "मुंजाजी, ही घे काडीपेटी."

तिकडून वैजीनाथ ओरडला, "त्यांची घेऊ नगंस. त्यांच्या काडीनं जाळलं तर जाळ त्यांचा, रान त्यांचं. ही घे, आमची."

"त्याची घेतलीस तर कोर्टात तूच गवाह," आप्पाराव म्हणाले.

दोन हात, दोन काडीपेट्या. मधी मी. तोंडाला आच लागायली होती आणि डोळे उघडे ठेवता येईनात. अजूनही मला नवल वाटतं, की त्या दोघांना आग दिसत होती, आपापली घरं दिसत होती, आणि तरी दोघांपैकी कोणी एक पाऊल टाकलं नाही.

मी वाळल्या गवताची पेंढी पिळली, काठीला बांधली आणि मावळतीकडं, आगीकडंच पळालो. तिच्या एका बगलेला जाळ बुटका होता. तिथं पेंढी धरली, पेटवली आणि घेऊन परत आलो. ती आग कोणाचीच नव्हती. मग वाकून पट्ट्याच्या कडंकडंनं लावत गेलो, चिंचदऱ्याच्या दगडापासून तांबडवाडीच्या दगडापर्यंत. पेंढी हातावर कधी उतरली ते कळलं नाही.

दोन आगी एकमेकींना भिडल्या तेव्हा जो आवाज झाला तो मला लिहिता येत नाही. पण ठिणग्या वरून आल्या आणि माझे राहिलेले खुंट जागोजागी धरायला लागले. एका हातानं किती बडवणार.

तेव्हा तानुबाई आत आली. दगड ओलांडून, ओलं गोणपाट घेऊन. "मुडदे बसवले तुमच्या कोर्टाचे," असं म्हणत बडवायला लागली. तिच्यामागं सटवाजीमामा. मग तिकडून दोघं, इकडून दहा. मग कोण कुठचा ते कळंना. धुरात नुसत्या पाठी दिसत होत्या. वैजीनाथ माझ्या शेजारी बडवत होता. तानुबाई त्याला म्हणाली, "नीट हान की मेल्या, खालून हान." तो म्हणाला, "हानतो मावशी."

विझली. पट्ट्याच्या ह्या अंगाला एक काडी जळाली नाही.

सगळे उभे राहिले, काळे, खोकत. कोणीतरी हसलं. कोणीतरी कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवला होता. मग आप्पारावांनी खाली आपल्या पायाकडं बघितलं. वैजीनाथानंही बघितलं.  एकेक पाऊल करत माणसं निवडत गेली, अर्धी त्या दगडाकडं आणि अर्धी ह्या. थोड्या वेळानं मधी मी एकटाच.

दोन्ही दगडांपाशी घागरी ठेवल्या होत्या.

"मुंजाजी, ये, पानी पी," आप्पाराव म्हणाले.

"मुंजाजी, पानी," वैजीनाथ म्हणाला. जवळजवळ एकदमच.

घसा असा झाला होता की थुंकी गिळवत नव्हती. मी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"ओढ्यावर जातो," म्हणालो. "हात धुवायचाय."

ओढा लांब आहे.

२८ एप्रिल

हात सुजलाय. सकाळी चिंचदऱ्याच्या दगडावर कोरफडीचं पान असतं आणि तांबडवाडीच्या दगडावर वाटीत हळद-तूप. मी ओढ्याचा चिखल लावतो. गार असतो.

आज सटवाजीमामा आला. आपल्या अंगाला, दगडाला टेकून बसला. मी माझ्या अंगाला बसलो. पलीकडं तांबडवाडीचा माणूस होताच.

"हात?"

"बरा हाय."

"मृग लागल्यावर काय करनार?"

"बगू. पूर्णेची जागा तर गेली."

तो काडीनं माती उकरत होता. "माझं दोन खनाचं घर हाय. मागं थोडं रान हाय. आता औत धरवत न्हाई माझ्यानं. तू ये. पाव्हना म्हनून न्हाई म्हनत मी. घरचा म्हनून ये."

मला आजवर सगळ्यांनी जा म्हणलंय. जिनिंगातल्यांनी, हॉटेलवाल्यानं, बापानं. ये असं कोणी म्हणलं की काय बोलायचं असतं ते माहीत नव्हतं. मी हाताकडं बघत राहिलो.

"गावाला इचारलं का मामा?"

"आप्पारावला इचारलं. लय आनंद झाला त्याला. म्हनला, ह्यो आपल्या गावचा झाला म्हंजे कापलं ते बी आपल्याच मानसानं कापलं. तसं सांगता येतंय कोर्टात." मामानं हे भोळेपणानंच सांगितलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सांगून झाल्यावर मात्र त्याचा हात थांबला.



"मग फुडल्या साली मधलं कोन कापनार?" मी विचारलं.

"ऱ्हाईल तसंच. ऱ्हात व्हतंच की."

खाली चिंचदऱ्याची छपरं दिसत होती. त्यातलं त्याचं कोणतं ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यानं आपण होऊन बोट दाखवलं, चिंचेच्या झाडाला लागून, मोडक्या कुडाचं. लहान आहे. पण बरं आहे. अंगणात सावली असणार.

"मामा," मी म्हणालो, "मुकदमा मिटला की येतो."

तो हसला. "मुकदमा मिटंस्तर मी ऱ्हातो व्हय?"

मीही हसलो.

मग दगडाला हात लावून तो उठला, धोतराची कुसळं झाडली आणि उतरायला लागला. चिंचेपर्यंतची सगळी वाट इथून दिसते. तो वळून बघंल म्हणून मी उभा राहिलो. वळला नाही. गुडघे दुखतात त्याचे. उतारावर वळून बघायचं म्हणजे त्याला अवघड जात असंल.